विक्षिप्त माइक लीच आणि त्याचे विरोधक

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या ऑफिसातल्या जांभळ्या आणि किरमिजी टोळ्यांचं वर्णन वाचून करमणूक झाली. अ‍ॅपल कपचा विषय निघाला की किरमिजीवाले कुणा ‘पायरेट’ कोचच्या आठवणीनं गहिवरतात आणि जांभळे गालातल्या गालात हसतात, ही काय भानगड आहे, असं तू विचारलंस. भानगडीचं नाव माइक लीच. २०१२ ते २०१९ अशी आठ वर्षं तो पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा, म्हणजे किरमिजीवाल्यांचा, अमेरिकन फुटबॉलचा प्रशिक्षक होता. जांभळे म्हणजे सिएटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ, आणि अ‍ॅपल कप म्हणजे या दोघांमधला सामना. दोन्ही टोळ्यांचं वागणं बरोबर आहे. कसं ते सांगतो, पण थोडं लांबेल.

माणूस आधी समजून घे. कॉलेजात असताना लीच अमेरिकन फुटबॉलच्या संघात कधी खेळलाच नाही. शिक्षण वकिलीचं, १९८६ साली पेपरडाइन विद्यापीठातून. वकिली न करता तो आयोवातल्या एका लहानशा कॉलेजात हॅल मम या प्रशिक्षकाच्या हाताखाली रुजू झाला आणि दोघांनी मिळून ‘एअर रेड’ नावाची, चेंडू घेऊन धावण्यापेक्षा तो फेकण्यावर भर देणारी पद्धत घडवली. पुढे केंटकी, ओक्लाहोमा, मग २००० ते २००९ टेक्सस टेकला मुख्य प्रशिक्षक, नंतर पुलमन आणि शेवटी मिसिसिपी स्टेट. १२ डिसेंबर २०२२ ला वयाच्या ६१ व्या वर्षी गेला.

समुद्री चाच्यांचं त्याला वेड. चाच्यांच्या गलबतावरची शिस्त, लुटीची वाटणी, यांवर तो संघाला व्याख्यानं देई. ‘तलवार फिरव’ हा त्याचा मंत्र: वार लागेल की चुकेल याचा हिशेब न करता पूर्ण ताकदीनं फिरव. पत्रकारांनी सामन्याबद्दल विचारावं आणि यानं लग्न कसं उरकावं यावर सल्ला द्यावा, हॅलोवीनच्या गोळ्यांना शिव्या घालाव्यात, किंवा आपल्या कॉन्फरन्समधल्या, म्हणजे विद्यापीठांच्या गटातल्या, सगळ्या संघांच्या बोधचिन्हांची कुस्ती लावली तर कोण जिंकेल याचा सविस्तर निकाल द्यावा. २०१९ साली तर पुलमनला त्यानं मायकेल बॉमगार्टनर या माजी राज्य सिनेटरसोबत बंडखोरांचं युद्ध आणि फुटबॉलचे डावपेच असा वर्गच घेतला. आपल्याला यात नवल वाटू नये. थोड्या माणसांनी मोठ्या फौजेला मोकळ्या मैदानात न भिडता दमवायचं, हे आपण चौथीच्या इतिहासात शिकलो.

आता गंमत बघ. असा माणूस मैदानावरही रोज काहीतरी अचाट काढत असणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात मैदानावर त्याच्याइतका एकसुरी प्रशिक्षक शोधून सापडला नसता. बाकीचे प्रशिक्षक जेवणाच्या मेनूकार्डाएवढा, दोन्ही बाजूंनी भरलेला, प्लास्टिकात घातलेला तक्ता हातात घेऊन उभे असतात. लीचच्या हातात घडी घातलेला एक कागद असे. मोजके डाव, तेच डाव, दर शनिवारी.

त्यातला ‘मेश’ हा डाव समजला की निम्मं समजलं. पुढे अडवायला पाच जणांची लाइन, चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, चेंडू घेऊन धावणारा एक रनिंग बॅक आणि चेंडू झेलणारे चार रिसिव्हर. डावीकडचा बाहेरचा रिसिव्हर आणि उजवीकडचा आतला रिसिव्हर एकमेकांच्या दिशेनं आडवे धावतात. एक जण सुमारे ६ यार्ड पुढे जाऊन आडवी वाट धरतो, दुसरा त्याच्या अगदी अलीकडून जातो. किती जवळून? जाताजाता टाळी देता यावी इतकं. दोघांमध्ये हाताहून जास्त अंतर पडलं की बचावपटू मधून निसटतो आणि डाव फुकट. अंतर बरोबर असेल तर पाठलाग करणारे दोघे बचावपटू एकमेकांवर आपटतात किंवा वळसा घालतात, आणि त्या वळशात दोन-तीन यार्डांची मोकळीक मिळते. त्याच वेळी उजवीकडचा बाहेरचा रिसिव्हर खोल कोपऱ्याकडे जातो आणि रनिंग बॅक बाजूच्या रेषेकडे सरकतो.

यात धावणाऱ्याला एकच निर्णय घ्यायचा असतो. बचावपटू माणूस धरून मागे लागलाय? पळत राहा. ते आपापली जागा धरून उभे आहेत, म्हणजे झोन आहे? मग दोघांच्या मधल्या फटीत थांब आणि क्वार्टरबॅककडे तोंड कर. नवशिक्यांचा घोटाळा इथेच होतो. झोनमध्येही ते पळत राहतात आणि एका बचावपटूच्या तावडीतून सुटून आपल्या पायांनी दुसऱ्याच्या हातात जातात.

मग लाइन. नेहमीच्या संघात लाइनमधल्या दोघांच्या मध्ये दोनेक फूट अंतर असतं. लीच ते तीन फूट ठेवी, टेक्सस टेकला कधी कधी सहा फुटांपर्यंत. बघणाऱ्याला वाटे, दार सताड उघडं टाकलंय. पण लाइन पसरली की कडेनं मुसंडी मारणाऱ्या बचावपटूची सुरुवातीची जागाच लांब जाते, त्याला क्वार्टरबॅकपर्यंत पोचायला दोन पावलं जास्त लागतात, आणि क्वार्टरबॅकला मधल्या फटींतून पलीकडचं दिसतं. मधून कुणी घुसलाच तर तो समोरून येताना दिसतो, आणि त्यानं सोडलेल्या जागेत चेंडू टाकता येतो. तोटाही आहेच. एक यार्ड हवा असताना ही पसरलेली लाइन रेटा देऊ शकत नाही.

आणि सराव! आठवड्याला सरावासाठी नियमानं २० तासच मिळतात, सगळ्यांनाच. लीचच्या सरावात एकाच वेळी चार-पाच क्वार्टरबॅक रांगेत उभे राहत, समोर बचाव नाही, पाच जण आपापल्या वाटेनं पळत आणि प्रत्येकाकडे वेगळ्या क्वार्टरबॅकचा चेंडू येई. मग सगळे एकेक जागा सरकत आणि पुन्हा तेच. इतर संघांत एका डावात एकाच्या हाती चेंडू लागतो, इथे पाचांच्या. डाव मोजके असल्यामुळे हंगाम संपेपर्यंत एकेक गोष्ट शेकडो वेळा हातातून गेलेली असे. ‘समतोल’ या शब्दाची त्याची व्याख्याही वेगळी होती. धावणं आणि फेकणं निम्मंनिम्मं असणं त्याला बिनकामाचं वाटे, पाचही जणांकडे चेंडू पोचतो का, एवढंच तो बघे.

विरोधकांची पंचाईत इथून सुरू होते. लीचच्या संघाशी गाठ वर्षातून एकदा, तयारीला दोन-तीन दिवस. त्यांच्या राखीव पोरांना ही पद्धत सरावात हुबेहूब करून दाखवता येत नाही, कारण ती पद्धत कागदावर नसून हजार वेळा केलेल्या सवयीत आहे. त्यात वर्तमानपत्रांतून चाच्यांच्या गप्पा. माझं मत विचारशील तर त्या गप्पांनी विरोधकांच्या डोक्यात एक चुकीचा प्रश्न पेरला: ‘हा उद्या काय नवीन काढणार?’ नवीन काही नसायचंच. नवीन शोधणारा बचाव सतत जागा बदलत राही, अर्धं पाऊल उशिरा निघे, आणि या पद्धतीला अर्धं पाऊल पुरे होतं.

ही शंका त्यानं एकदा मुद्दामही पेरली. ऑक्टोबर १९९९, डॅलसमध्ये ओक्लाहोमा विरुद्ध टेक्सस. लीच तेव्हा ओक्लाहोमाच्या आक्रमणाचा प्रमुख होता. सामन्याआधी मैदानावर सुरुवातीच्या डावांची एक बनावट यादी ‘चुकून’ पडेल अशी व्यवस्था केली गेली. टेक्ससवाल्यांनी ती उचलली, खरी मानली आणि बचाव त्याप्रमाणे लावला. प्रत्यक्षात डाव नेमके उलटे आले आणि ओक्लाहोमा १७–० असं पुढे गेलं. पुढचं मात्र किस्सा सांगणारे गाळतात. टेक्ससनं यादी बाजूला ठेवली, आपला नेहमीचा खेळ सुरू केला आणि सामना ३८–२८ असा जिंकला. संपूर्ण लीचपुराण या एका दुपारात आहे.

ओक्लाहोमाच्या बॉब स्टूप्सनं त्याला घेतलं होतं ते चाच्यांसाठी नव्हे. स्टूप्स आधी फ्लोरिडाच्या बचावाचा प्रमुख होता आणि केंटकीच्या या पद्धतीनं त्याला घाम फोडला होता. जे अडवणं जड गेलं तेच त्यानं घरी आणलं. विरोधकाची याहून खरी दाद कोणती?

टेक्सस टेकच्या काळातल्या दोन तारखा लक्षात ठेव, ऑफिसात उपयोगी पडतील. २००६ च्या इन्साइट बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात मिनेसोटा तिसऱ्या भागात ३८–७ असं पुढे होतं आणि लीचचा संघ जादा वेळेत ४४–४१ जिंकला. दोन दिवसांत मिनेसोटाच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली. आणि १ नोव्हेंबर २००८: पहिल्या क्रमांकाच्या टेक्ससविरुद्ध एक सेकंद उरला असताना ग्रॅहम हॅरेलचा चेंडू मायकेल क्रॅबट्रीनं झेलला आणि ३९–३३. क्रॅबट्रीच्या पाठीवर दोन बचावपटू असताना पाय रेषेच्या आत ठेवून त्यानं जे केलं, ते कितीही वेळा बघ.

विक्षिप्तपणाचं बिलही येई. २००७ मध्ये पंचांवर तोंडसुख घेतल्याबद्दल १०,००० डॉलर दंड झाला. हरल्यावर खेळाडूंच्या मैत्रिणींना जाड म्हणून त्यानं खापर त्यांच्यावर फोडलं, ते मला आजही गचाळ वाटतं. २००९ च्या अखेरीस, मेंदूला मार बसलेल्या एका खेळाडूला अंधाऱ्या जागेत उभं केल्याच्या आरोपावरून विद्यापीठानं त्याला काढलं. त्यानं आरोप नाकारला, खटला भरला, पण सरकारी संस्थेला असलेल्या कायदेशीर संरक्षणापुढे तो फारसा टिकला नाही.

आता तुझे जांभळे का हसतात ते. पुलमनच्या आठ वर्षांत वॉशिंग्टनविरुद्ध त्यानं पहिला सामना जिंकला, २०१२ चा, ३१–२८. पुढचे सातही हरला, आणि त्या सातांत त्याच्या संघाला एकदाही १७ च्या वर गुण नाहीत. अगदी २०१८ च्या ११ विजयांच्या विक्रमी हंगामातही बर्फात २८–१५.

वॉशिंग्टननं केलं काय? चाच्यांकडे दुर्लक्ष. तीनच माणसं क्वार्टरबॅकवर सोडायची आणि आठ जणांनी मागे झोन धरून उभं राहायचं. क्वार्टरबॅकला वेळ हवा तेवढा, पण पाच जणांवर आठ पहारेकरी, फट कुठून मिळणार? समोर चार-पाच यार्डांचा चेंडू पकडू द्यायचा आणि तिथेच पाडायचं. मग गुण मिळवायला बारा-तेरा अचूक फेक लागोपाठ करावे लागतात आणि कॉलेजची पोरं तेवढ्यात कुठेतरी चुकतातच. गोलरेषेजवळ तर मैदानच आखडतं, खोल वाट उरत नाही. यावर उतारा म्हणजे धावणं. पण पसरलेली, मागे सरकायची सवय लागलेली लाइन रेटा देत नाही हे वर लिहिलंच, आणि लीच हट्टी.

आठ जण मागे ठेवण्याच्या या युक्तीचा धडा २०२० मध्ये पंधरवड्यात मिळतो. २६ सप्टेंबरला मिसिसिपी स्टेटसाठी लीचचा पहिलाच सामना, समोर गतविजेते एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट. ते माणूस धरून खेळले. मेशपुढे तेच करायचं नसतं. के. जे. कॉस्टेलोनं ६२३ यार्ड फेकले, कॉन्फरन्सचा विक्रम, निकाल ४४–३४. पुढच्या आठवड्यात आर्कान्सॉनं आठ जण मागे ठेवले आणि २१–१४ जिंकले. त्यानंतर केंटकीनं सहा चेंडू पळवून २४–२. ते दोन गुणही बचावानं मिळवलेले, आक्रमणाचे शून्य.

पुलमनचा आणखी एक सामना किरमिजीवाल्यांपाशी जपून काढ. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाविरुद्ध कॉनर हॅलिडेनं एकाच सामन्यात ७३४ यार्ड फेकले, आणि अखेरच्या क्षणी १९ यार्डांवरून किक हुकल्यामुळे संघ ६०–५९ असा हरला.

बाकी त्याचे डाव आज सगळीकडे आहेत. लिंकन रायली, सॉनी डाइक्स, क्लिफ किंग्जबरी, जॉश ह्यूपेल हे सगळे त्याच्या हाताखालून गेलेले. कारकीर्द १५८ विजय, १०७ पराभव, म्हणजे विजयाचं प्रमाण .५९६. कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमची अट .६०० होती. २०२५ मध्ये ती २०२७ पासून .५९५ करायचं ठरलं. कुणासाठी, ते कुणी विचारत नाही.

या वेळी अ‍ॅपल कपला गेलास तर चेंडूच्या मागे डोळे नेऊ नकोस. चेंडू निघायच्या क्षणी क्वार्टरबॅकवर किती जण धावतात तेवढं मोज: तीन, चार की पाच. दहा-बारा डाव मोजलेस की पुढचा फेक कुठे जाणार ते शेजाऱ्याआधी तुला कळेल. सामना पुलमनला असेल तर गरम कपडे भरपूर ने, आणि वहिनींनी घेतलेला तो जांभळा स्वेटर घरी ठेव.

मुलांना आशीर्वाद. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
विनायक