पाण्यातली जाळी

देवबाग, मंगळवार

प्रिय दिग्या,

चार महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालशील. त्या पोस्टाने घाल, फोन नको. घरात कुणाला यातलं काही ठाऊक नाही. तब्येत बरी, गुडघा तसाच.

तालुक्याच्या प्रदर्शनात माझ्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. ५,००० रुपये. कर्लीच्या खाडीत आबांची होडी, आणि खाली पाण्यात अख्खी होडी उलटी. ती खालची होडी खोटी आहे.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे गणित तुला आठवतंच. अष्टमीला आठाचे सहा. भांगाची भरती, पाण्याला ओढ कमी. सकाळी खाडी भरून थबकते आणि समुद्रावरचा वारा सुटायला अजून अवकाश असतो. असा मुहूर्त पंधरवड्यातून एकदा. पहिल्या अष्टमीला पाऊस. दुसरीला मी झोपून राहिलो (हस). तिसरीला सगळं जुळलं, आणि नेमकी डॉल्फिन दाखवणारी बोट भर्रकन गेली. पाण्याच्या चिंध्या. मग रात्री कॉम्प्युटरवर वरचा अर्धा फोटो उलटा करून खाली चिकटवला. प्रतिबिंब नेहमी थोडं काळपट असतं म्हणून तेवढं काळं केलं, दोन-चार लाटाही ओढल्या. परीक्षक खूश.

आबा आपली होडी बघायला धुतलेला सदरा घालून आले. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या कानाशी, "झिला, जाळां होडयेच्या पोटात असत. पाण्यात ती खंयसून दिसली?"

मी धक्क्यावरून, उंचावरून फोटो काढलेला. वरून होडीचं पोट दिसतं; पाण्याला मात्र होडी खालून दिसते, तिथे नुसत्या बाहेरच्या फळ्या हव्यात. एवढं मला सुचू नये? तू असतास तर दारातूनच ओरडला असतास. धामापूरच्या तळ्यावर लेन्सवरची ती चकाकी मारणारी काच, पोलरायझर, फिरवून तू अख्खं प्रतिबिंब पुसलंस, तळाचं शेवाळ दाखवलंस, आणि मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. "पाण्याचा खून" म्हणालो होतो. आता बोल.

आबा कुणाला काही बोललेले नाहीत. परवा बांगडेही पाठवले, ते घशाखाली उतरेनात. शिवाय घरात लावायला तोच फोटो मागतायत. कुठला देऊ? चिंध्यांचा दिला तर कबुली, बक्षिसाचा दिला तर ती जाळी रोज त्यांच्या भिंतीवर. पैसे परत करावेत तर कारण सांगावं लागेल, आणि ५,००० पैकी १,८०० ट्रायपॉडवर गेलेत.

चिंगीची दहावी कशी चाललीय? बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार सांग, कुळीथपीठ पाठवतो.

उत्तर लवकर लिही, आबा रविवारी येणार आहेत.

तुझा,
सुन्या

ता. क. तुझा पोलरायझर अजून माझ्याकडेच आहे. पावसाळ्यात त्याला बुरशी आली. हेही आत्ताच सांगून टाकतो.