बाबूकाका, ताई आणि तुझं लग्न

चि. सागर यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू आईला म्हणालास, लग्नाची बोलणी चालू आहेत तोवर आरोग्य खात्याच्या त्या समाजसेविका ताईंना घरी येऊ देऊ नका आणि बाबूकाकाच्या दिव्यांग दाखल्याचं तेवढं थांबवा. तुझी काळजी मला कळते. पण ताईंचं येणं मी थांबवणार नाही. का, ते फोनवर धड सांगता आलं नसतं म्हणून लिहायला बसलो.

काका गोळ्यांनी बरा झाला, असं तू म्हणतोस. कानातले आवाज गोळ्यांनीच थांबले, यात वाद नाही. पण स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास होणाऱ्या या मनाच्या आजाराच्या, माणसाला घरी आणल्यावर पुढे काय करायचं, ते गोळ्यांच्या पाकिटावर लिहिलेलं नसतं. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालापासून आहे, तरी आपल्या मालगुंडात अजूनही ‘त्याला रत्नागिरीला नेला’ म्हटलं की लोक आवाज खाली आणतात. तिथून परतलेल्या माणसाला घरात आणि गावात पुन्हा उभं करायचं, हे या ताईंचं काम.

पहिल्यांदा आल्या तेव्हा पडवीत बसून त्यांनी आजाराचं काही विचारलंच नाही. काका झोपतो कुठे, जेवतो कोणाबरोबर, गोळी कोण देतं, त्याच्यावर ओरडतं कोण, दिवसभर त्याच्या हाताला काही काम असतं का, हेच सगळं. मग म्हणाल्या, घरात सतत टोचून बोलणं असलं, किंवा उलट मोठ्या माणसाला तान्ह्या पोरासारखं जपणं असलं, तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. सकाळची सुस्ती कधीकधी औषधामुळे असते, हे त्यांनी आजीला शेजारी बसवून समजावलं. तेव्हापासून तिचं ‘ऊठ रे, किती लोळशील’ बंद झालं.

देवळात कौल लावला म्हणून त्या रागावल्या नाहीत. ‘गाऱ्हाणं घाला, पण गोळी चुकवू नका,’ म्हणाल्या. बरं वाटायला लागलं की माणूस गोळ्या सोडतो आणि तिथेच घात होतो. आंब्याच्या हंगामात आपण सगळे पहाटेपासून बागेत, म्हणून गोळी कोणी आणि कधी द्यायची हेसुद्धा त्यांनीच आमच्याकडून ठरवून घेतलं.

पण खरी गोष्ट कामाची. काका खलाशी माणूस, त्याला परत बोटीवर जायचं होतं. काकाला विचारून ताई स्वतः जयगडला तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या म्होरक्याशी, बोलायला गेल्या. जागरण या आजाराला सोसत नाही, तेव्हा समुद्रावर नको, किनाऱ्यावर काही काम द्या, असं त्यांनी सांगितलं. तांडेल आधी नाहीच म्हणत होता. मग जून-जुलैची मासेमारीबंदी आली, बोटी वर ओढल्या आणि जाळी दुरुस्तीला निघाली. काका आधी दोन तास बसायचा, मग अर्धा दिवस. परवा मी गेलो तर एका नव्या पोराचा हात धरून त्याला गाठ कशी मारायची ते दाखवत होता. चुकली की सोडवायचा आणि पुन्हा दाखवायचा. मी बराच वेळ तिथे उभा होतो, त्याचं लक्षच नव्हतं.

आता दाखल्याचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. दाखला झाला की एसटीची सवलत, निराधार योजनेचा अर्ज, असे मार्ग मोकळे होतात. काकाच्या हक्काचं आहे ते, आपल्या सोयीसाठी मी अडवून ठेवू? आणि बोभाट्याचं म्हणशील तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आजाराची माहिती गुप्त राखण्याचा हक्क त्याला दिलाय. ताईंना वाटेत कोणी विचारलं तर ‘आरोग्य खात्याकडून आलेय’ यापलीकडे त्या बोलत नाहीत.

तुझ्या मनात आणखी एक भीती आहे, ती तू बोलला नाहीस. मी ताईंना विचारलं. हा आजार साधारण शंभरात एकाला होतो. घरात कोणाला असेल तर बाकीच्यांना धोका थोडा वाढतो, पण बहुतेकांना तो होत नाही. तुझी झोप उडालीय असं आई सांगत होती. १४४१६ वर फोन कर, ती मनाच्या त्रासासाठीची सरकारी ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन आहे. चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. त्यात कमीपणा मानू नकोस.

मुलीकडे सांगायचं की नाही, हे मी बाबूलाच विचारलं, कारण आजार त्याचा आहे. तो म्हणाला, ‘सांग त्यांना. माझ्यापायी पोराने खोटं बोलायला नको.’ तेव्हा आधी तू मुलीला सांग, मग मी तिच्या वडिलांशी बोलतो. त्यांना काही विचारायचं असेल तर ताई भेटायला तयार आहेत. आणि गणपतीला येशील तेव्हा एक दिवस जादा रजा काढ. काकाला दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयात न्यायचंय, तू बरोबर चल.

तुझे
बाबा