सर्व्हर घरी आणण्याआधी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरचे फोटो आणि कागद ठेवायचा सर्व्हर, म्हणजे चोवीस तास चालणारा आपला संगणक, सांगलीच्या घरी ठेवायचा हा तुझा विचार मला आणि बाबांना पटला. पुण्यात दर ११ महिन्यांनी भाडेकरार संपणार, खोली बदलली की नेटही बदलणार. इथे फायबर आहे, वरची खोली रिकामी आहे आणि लक्ष ठेवायला मी आहे. तू पाठवलेली यादी मी नीट वाचली. फोटोंसाठी इमिच, फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड, सिनेमांसाठी जेलीफिन, कागदपत्रांसाठी पेपरलेस, पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन आणि जाहिराती अडवायला पाय-होल. मशीन कुठलं, रॅम किती, डिस्क कुठल्या, सगळ्याचा विचार केलायस. बॅकअपसमोर मात्र ‘नंतर बघू’ असं लिहिलंयस. ते वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी सगळी नोकरी पतसंस्थेच्या संगणक विभागात गेली हे तुला माहीत आहे. तिथे डे-एंड, म्हणजे दिवसाचे व्यवहार बंद करायचं काम, झाला की त्या दिवसाची प्रत काढायची, रजिस्टरला नोंद करायची आणि डिस्क मिरज शाखेत पाठवायची, हा रोजचा शिरस्ता होता. ऑडिट असो, ३१ मार्च असो, त्यात खंड नाही. नव्या मुलांना तो जाच वाटायचा. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे किती वर ते बघ. मुख्य शाखेतला सर्व्हर पाण्याखाली गेला. मिरजेच्या डिस्कवरून आम्ही सगळी खाती पुन्हा उभी केली आणि ठेवीदारांच्या पासबुकांशी ताळमेळ लागला.

त्याच पुरात आपल्या घरातल्या अल्बमचं काय झालं ते तूही पाहिलंस. गावभागात पाणी इतकं चढेल असं जुन्याजाणत्यांनाही वाटलं नव्हतं. सेलोफेनखाली फोटो एकमेकांना चिकटून बसले होते. हलक्या हाताने सोडवायला गेलं तरी रंगाचा थर सुटायचा आणि दुसऱ्या फोटोच्या पाठीला लागायचा. आजीच्या एका फोटोत नऊवारीचा काठ शाबूत राहिला आणि चेहरा गेला. आज तिचे जे फोटो आपल्याकडे आहेत ते मावशीने आधी स्कॅन करून सोलापूरला स्वतःच्या संगणकात ठेवले होते म्हणून आहेत. २०२१ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा घालवण्यासारखं खाली काही उरलंच नव्हतं.

म्हणून माझी अट एकच आहे. या सर्व्हरवर आपल्या घराचं जे काही येईल, त्याची एक प्रत सांगलीबाहेर असली पाहिजे आणि ती उघडते हे आपण करून पाहिलेलं असलं पाहिजे. हे झाल्याशिवाय माझ्या आणि बाबांच्या फोनमधला एकही फोटो तिकडे वळवायचा नाही.

तू दोन डिस्कचा मिरर करणार आहेस, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिलं जाणार. जरूर कर. एक डिस्क गेली तर दुसरीवर काम चालू राहतं, तू सवडीने येऊन बदलशील. पण त्याला बॅकअप समजू नकोस. मी चुकून एक फोल्डर पुसलं तर ते त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून जाईल. व्होल्टेज चढून पॉवर सप्लाय जळला तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात आहेत. झेडएफएस या फाइल व्यवस्थेचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या अवस्था, ठेवलेस तर पुसलेलं परत आणता येईल, पण डबाच गेला तर स्नॅपशॉटही गेले. डिस्क घेताना ती सीएमआर आहे ना एवढं बघून घे. एसएमआर डिस्क, म्हणजे लिखाणाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी, नुसत्या साठवणीला चालते, पण मिररमधली एक डिस्क बदलून सगळं पुन्हा भरायची वेळ आली की फार रखडते.

साधा नियम आहे, तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. पहिली सर्व्हरवर. दुसरी इथेच, वेगळ्या यूएसबी डिस्कवर, जी मी रविवारी जोडीन आणि काम झालं की काढून कपाटात ठेवीन. तिसरी तुझ्याकडे पुण्यात. तुझा जुना लॅपटॉप आणि त्याला लावलेली एक डिस्क त्यासाठी भरपूर झाली.

सगळ्याचाच बॅकअप घ्यायचा नाहीये, त्यामुळे तिन्हीकडे मोठ्या डिस्क लागणार नाहीत. सिनेमे गेले तर पुन्हा मिळतील. आजोबांच्या भजनाच्या कॅसेट बाबांनी एकेक वाजवून संगणकात उतरवून घेतल्या, त्या पुन्हा मिळणार नाहीत. आजोबांचा आवाज त्याशिवाय कुठेच नाही. फोटो, त्या कॅसेट आणि शेताचे कागद एवढं धर. ते ५०० जीबीच्या आत बसेल. आता हे नेटवरून पुण्याला पाठवायला बसलास तर ५० एमबीपीएसचा अपलोड सलग मिळाला तरी २२ तासांच्या वर जातील, आणि तसा तो सलग मिळत नाही. पहिली प्रत इथेच घरात काढून डिस्क बॅगेतून पुण्याला घेऊन जा. मग रोज रात्री फक्त नव्याची भर पडेल.

त्यासाठी रेस्टिक हे बॅकअपचं सॉफ्टवेअर वापर. ते कूटबद्ध करून ठेवतं, तेच तेच पुन्हा साठवत नाही आणि मागच्या तारखेची अवस्था परत देतं. नुसतं आरसिंक, म्हणजे फाइली जशाच्या तशा दुसरीकडे उतरवणारं साधन, ‘डिलीट’सकट लावलंस तर इथे पुसलेलं तिथेही पुसलं जाईल. आणखी एक, पुण्याकडच्या प्रतीत इथून फक्त भर घालता यावी, जुनं पुसता येऊ नये, अशी मांडणी कर. प्रत ठेवणाऱ्या बाजूला चालवायच्या रेस्टिकच्या रेस्ट-सर्व्हरला तशी सोय आहे. इथल्या मशीनमध्ये कुणी शिरला तरी त्याचा हात पुण्यापर्यंत पोचता कामा नये.

ही भीती उगाच नाही. २०२२ साली डेडबोल्ट नावाच्या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने (रॅन्समवेअरने) इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या घरगुती नॅसमधल्या, म्हणजे नेटला जोडलेल्या साठवणीच्या डब्यांमधल्या, फाइली कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये पैसे मागितले होते. तेव्हा राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून काहीही बाहेर ठेवायचं नाही. तसंही आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती कनेक्शनना स्वतःचा पब्लिक पत्ता मिळत नाही, सीजीनॅटच्या मागे असतात, म्हणजे अनेक घरांत एकच पत्ता वाटलेला असतो, मग पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. टेलस्केल घाल, ते आपल्याच उपकरणांमध्ये खाजगी जोडणी करून देतं. आतून ते वायरगार्ड ही कूटबद्ध जोडणीची पद्धतच वापरतं, आणि आपल्या चौघांच्या फोनवर बसवलं की काम झालं.

मशीन मात्र तू चांगलं निवडलंस. एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी वीज कमी खातो. डिस्कसकट सरासरी २० वॅट धरले तर महिन्याला साधारण साडेचौदा युनिट होतात. बाबा ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप आणू म्हणत होते, पण तो ६० वॅटने २४ तास चालला तर महिन्याला ४३ युनिट. मी त्यांना हिशोब मांडून दाखवला, त्यांना पटला.

लाइटचं मात्र तुला पुण्यात राहून लक्षात येणार नाही. वळवाच्या पावसात इथे दिवसातून कितीदा जाते आणि येते त्याला गणती नाही. इन्व्हर्टरवर भरवसा नको, त्याच्या बदलाच्या क्षणी मशीन रीस्टार्ट होऊ शकतं. छोटा यूएसबी पोर्टवाला यूपीएस घे आणि नट नावाचं सॉफ्टवेअर बसव, म्हणजे बॅटरी उतरत आली की सर्व्हर आपण होऊन व्यवस्थित बंद होईल. डेटाबेस लिहिता लिहिता वीज गेली की काय निस्तरावं लागतं ते मी नोकरीत पुष्कळ पाहिलंय.

सर्व्हर वरच्या खोलीत ठेवू, तिथे पाणी येणार नाही. पण खाली पाणी असताना गल्लीची लाइट तोडतात आणि ती दिवसेंदिवस येत नाही. म्हणजे सर्व्हर कोरडा राहील, पण बंद. त्या दिवसांत विम्याचा कागद लागला, जमिनीचा उतारा लागला, तर तो पुण्यातल्या प्रतीतून काढता आला पाहिजे. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की मी शेवटचा बॅकअप घेऊन मशीन बंद करीन आणि यूएसबी डिस्क कागदांच्या पिशवीत घालीन. ती पिशवी आता दर पावसाळ्यात तयारच असते.

आता करून पाहण्याचं. बॅकअप ‘यशस्वी’ असा हिरवा संदेश आला म्हणून मी मानणार नाही. इमिचचंच घे. फोटोंच्या फाइली एका जागी असतात, आणि अल्बम, चेहऱ्यांना दिलेली नावं, कुठला फोटो कुणाच्या खात्यातला, हे सगळं पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये. चालू डेटाबेसचं फोल्डर तसंच उचलून ठेवलंस तर ते परत उभं राहीलच असं नाही. त्याचा डंप, म्हणजे सगळा मजकूर एका फाइलीत नीट उतरवून घेतलेली प्रत, लागतो. इमिच तो रोज रात्री आपणच काढतं, पण तो डंप तुझ्या बॅकअपमध्ये येतो ना ते तपास. मग पुण्यात तुझ्या लॅपटॉपवर, सांगलीच्या मशीनला हात न लावता, नुसत्या त्या प्रतीवरून इमिच उभं करून दाखव. आजीच्या नावाने शोधलं की तिचे फोटो आले पाहिजेत. तेवढं झालं की माझा फोन तुझा.

आमच्याकडे दर तिमाहीला असा सराव व्हायचा. घरातही ठेवू, तारखा मी कॅलेंडरवर लिहून ठेवते.

यादीतल्या बाकीच्या गोष्टी एकदम नकोत. आधी फक्त इमिच. तोवर गुगल फोटोजमधलं काही पुसू नकोस. १ जून २०२१पासून तिथली फुकट अमर्याद जागा बंद झाली आणि आता १५ जीबी भरत आलेत हे खरं, पण काही महिने दोन्हीकडे राहू दे. पाय-होल सर्व्हरवर टाकलंस तर घरातल्या सगळ्या फोनना साइटचे पत्ते त्याच्याकडूनच मिळतात, म्हणून सर्व्हर बंद पडला की घरातलं नेट बंद पडल्यासारखंच होईल, आणि मॅच चालू असताना बाबा मला विचारतील. ते शेवटी बघ. पासवर्डचं कामही पहिल्या वर्षी या सर्व्हरवर नको.

पेपरलेस मात्र मला लवकर हवंय. सातबारे, फेरफार, घरपट्टीच्या पावत्या सगळ्या स्कॅन करून ठेवीन. स्कॅनमधली अक्षरं ओळखायचं काम त्यात टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर करतं आणि टेसरॅक्टला मराठी येते. पेपरलेसमध्ये ती आधीपासून नसते, सेटिंगमध्ये घालावी लागते, ती विसरू नकोस. छापील उताऱ्यातला गट नंबर टाकून कागद सापडला तर भाऊकीच्या कामात माझे किती हेलपाटे वाचतील. हाताने लिहिलेले जुने फेरफार आणि मोडीतले कागद त्याला वाचता येणार नाहीत, त्यांना मी स्वतः नावं आणि वर्षं घालीन.

आणि रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिही. तो हरवला तर बॅकअप असून नसल्यासारखा, कुणीही उघडून देऊ शकत नाही. एक कागद इथे बाबांच्या विम्याच्या फाइलमध्ये, एक तुझ्याकडे. त्याच कागदावर सर्व्हर सुरू कसा करायचा, बंद कसा करायचा आणि प्रत कशी उघडायची हे मराठीत, एकाखाली एक लिहून दे. तू मीटिंगमध्ये असलास, परदेशी असलास, तरी मला ते जमलं पाहिजे.

गणपतीला येशील तेव्हा मिनी पीसी, दोन्ही डिस्क आणि यूपीएस घेऊन ये. यूएसबी डिस्क मी इथे घेऊन ठेवते. वरच्या खोलीत राउटरपासून केबल ओढून घ्यायला वायरमनला सांगितलंय. केबल कॅट-६ प्रकारचीच लागेल ना, ते उद्या फोनवर सांग, तो शनिवारी येणार आहे.

तुझी,
आई