गायकी अंगाची कॅसेट

प्रिय गड्या,

काल सकाळी दुधाची किटली घेऊन आखरावरून येत होतो, ढोरं सुटत होती, अन् मोबाईलवर एकदम आपली ती संतूर-बासरीची जुनी कॅसेट, 'कॉल ऑफ द व्हॅली', लागली. तिथंच दगडावर बसलो, चहा गेला उडत. घरी शिव्या खाल्ल्या, पण हे तुला नाही तर कोणाला सांगू?

काकाचा टेप आठवते ना, लाईट गेली की सेलवर चालणारा, सेल उतरले की संतूर रडायला लागे अन् आपण सेल काढून उन्हात वाळत ठेवायचो. काका म्हणे, 'आयक, बासरी कशी गायकी अंगानं वाजवून राह्यला.' त्याला म्हणायचं होतं, गळ्यानं गाणं गावं तशी. आता आपल्याला गायकी म्हणजे गावची ढोरं चारणारा, दुसरं काय माहीत! मला वाटे हा हरिप्रसाद चौरसिया कुठल्यातरी गावचा गायकीच असंल. तू तर तोंडावर विचारलं, 'वाजवत बसला तं याच्या ढोराईले कोण पाह्यते मंग?' काकाला हसता हसता ठसका लागला होता.

अन् गंमत म्हणजे आपण फार चुकलो नव्हतो बे. मोठं झाल्यावर वाचलं, त्या रेकॉर्डमधी काश्मीरच्या एका मेंढपाळाचा अख्खा दिवसच आहे, एकेका रागातून: पहाटे अहिर भैरव, मग नट भैरव, पिलू, संध्याकाळी भूप, पुढं देस अन् शेवटी पहाडी. १९६७ ची रेकॉर्ड. संतूरवर शिवकुमार शर्मा, तबल्यावर माणिकराव पोपटकर, अन् जे आपण सतार समजत होतो ती ब्रिजभूषण काबरांची गिटार, मांडीवर आडवी ठेवून वाजवायचे ते. पिलू मला आजही जरा लांबल्यासारखा वाटते, पण भूप लागला की धुऱ्यावरून घरी परतणारी ढोरंच दिसतात, काश्मीर काही दिसत नाही.

अजून एक. ही रेकॉर्ड करून घेतली एचएमव्हीच्या जी. एन. जोशींनी, म्हणजे आपल्या मेहकरच्या कवी ना. घ. देशपांड्यांची 'रानारानांत गेली बाई शीळ' गाणारे तेच. शीळ आधी आपल्याच रानातून गेली लेका, काश्मीर नंतर!

२०२२ च्या मे मधी शिवकुमारजी गेले तेव्हाच तुला फोन करणार होतो, पेरणीच्या धावपळीत राहून गेलं.

काल संध्याकाळी काकाच्या कानाशी मोबाईल धरला. आता कमी ऐकू येते त्याला. पहाडी संपेपर्यंत डोळे मिटून होता, मग म्हणे, 'ढोराईची काळजी करणारं ते पोट्टं कुठी हाय आता?'

पोळ्याला ये.

तुझाच