दुखणे एका पिशवीचे, काढली दुसरीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आरोग्याच्या पानावर लघवीच्या जुनाट तक्रारींविषयी जो लेख आला आहे, तो मी दोनदा वाचला. लेखक स्वतः डॉक्टर आहेत, त्यांचा अनुभव मोठा असणार, आणि त्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु सर्व तपासण्या स्वच्छ येऊनही काही रुग्ण, विशेषतः मध्यमवयीन स्त्रिया, शस्त्रक्रियेचा हट्ट धरून एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत राहतात, असे जे त्यांनी लिहिले आहे, ते माझ्या जिव्हारी लागले. अशा फिरणाऱ्या स्त्रियांपैकी मी एक आहे. नऊ वर्षे फिरले. त्यामुळे हट्ट कशाला म्हणतात आणि नाइलाज कशाला म्हणतात, याविषयी बोलण्याचा मला अधिकार आहे असे मी मानते.

माझे दुखणे 2008 च्या एप्रिलमध्ये सुरू झाले, म्हणून घरादाराने ‘उन्हाळी लागली’ असेच म्हटले. धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळा, सगळे करून झाले. मग गोळ्यांचे कोर्स सुरू झाले. लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट दर वेळी ‘नो ग्रोथ’, म्हणजे जंतू नाहीत, असा यायचा आणि तरीही जंतू मारण्याचे पुढचे औषध लिहून मिळायचे. असे चौदा रिपोर्ट आजही माझ्या कपाटात आहेत. सोनोग्राफी तीनदा झाली आणि तिन्ही वेळा तीत काही दिसले नाही. लघवीची पिशवी थोडी भरली की ओटीपोटात कळ उठायची, रिकामी झाली की जरा उतरायची आणि वीस-पंचवीस मिनिटांत पुन्हा तेच. मी माध्यमिक शाळेत शिक्षिका होते. पस्तीस मिनिटांचा एक तास मला सलग घेता येईना. माझ्या गोपनीय अहवालात ‘वारंवार वर्ग सोडून जातात’ असा शेरा पडला, आणि तो खोटा होता असे मला म्हणता आले नाही, कारण मी खरोखरच जात होते.

2011 मध्ये एका रुग्णालयात मला सांगण्यात आले की गर्भाशयाला सूज आहे, चाळिशी उलटली आहे, दोन मुले झाली आहेत, तेव्हा आता गर्भपिशवी ठेवून काय करायचे आहे. मी होकार दिला. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. ओटीपोटातले दुखणे थांबेल, एवढे एकच वाक्य मला त्या दिवशी ऐकू आले होते. टाके काढल्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे तीच कळ, त्याच जागी, परत आली. माझे दुखणे एका पिशवीचे होते आणि काढली गेली दुसरीच. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण 2019 मध्ये गाजले आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने चौकशी समिती नेमली, तेव्हा त्या बातम्या मला वाचवत नव्हत्या. त्यांचे कष्ट आणि माझे कष्ट यांची तुलना मी करणार नाही. पण पोटात दुखते असे बाईने म्हटले की आधी कोणता अवयव पणाला लागतो, हे मला त्यापूर्वीच कळून चुकले होते.

2016 मध्ये मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्याच वर्षी एका डॉक्टरांसमोर हात जोडून म्हटले, ‘आता लघवीची पिशवीच काढून टाका.’ हाच तो हट्ट, ज्याविषयी आपल्या लेखकांनी लिहिले आहे. त्या डॉक्टरांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. मी निमूटपणे गेले, आणि आज त्याबद्दल मला कोणताही राग नाही, कारण माझे सगळे बोलणे मध्ये न तोडता ऐकणारे ते पहिले डॉक्टर होते. रात्री झोप लागावी आणि कळ बोथट व्हावी म्हणून त्यांनी अ‍ॅमिट्रिप्टिलीनची लहान गोळी दिली आणि विचारले, ‘दुर्बीण घालून तुमची पिशवी आतून कोणी पाहिली आहे का?’ तोपर्यंत कोणीही पाहिली नव्हती.

पुढे पुण्यातील एका मूत्रविकारतज्ज्ञांनी कोणतेही नवे औषध लिहिण्याआधी तीन दिवसांची वही लिहून आणायला सांगितले. स्वयंपाकघरातले मापाचे प्लॅस्टिकचे भांडे मी त्यासाठी वेगळे काढले. त्या वहीतले एक पान असे आहे: पहाटे 3.10, 70 मिलिलिटर, 3.45, 50 मिलिलिटर, 4.20, 60 मिलिलिटर, कळ फार. त्या एका दिवसात एकतीस नोंदी आहेत. निरोगी माणसाच्या पिशवीत चारशे-पाचशे मिलिलिटर लघवी सहज मावते. डॉक्टरांनी ती वही शेवटपर्यंत वाचली. त्यानंतर भूल देऊन दुर्बीण घातली, पिशवी पाण्याने भरून पाहिली, तेव्हा आतल्या अस्तरावर लालसर, सहज रक्त येणाऱ्या जखमा दिसल्या. त्या त्यांनी तिथेच विजेच्या साहाय्याने जाळल्या आणि दुसऱ्या दिवशी मला घरी सोडले. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मी सलग साडेतीन तास झोपले. माझे यजमान घाबरून मला उठवायला आले होते.

या दुखण्याला इंटरस्टिशियल सिस्टायटिस किंवा ब्लॅडर पेन सिंड्रोम म्हणतात, आणि त्या जखमांना डॉ. हनर या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाचे नाव आहे, ज्यांनी त्यांचे वर्णन 1915 साली केले. म्हणजे माझे दुखणे सुरू झाले तेव्हा ही माहिती त्र्याण्णव वर्षांची जुनी होती. मला मिळालेला उपाय सर्वांना लागू पडत नाही, हे मी आवर्जून लिहिते, कारण अशा जखमा या आजाराच्या थोड्याच रुग्णांत सापडतात. बाकीच्यांना आहारातला बदल, गोळ्या, पिशवीत नळीने सोडायची औषधे, ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी अशा वाटा चाचपून पाहाव्या लागतात. मलाही 2019 आणि 2022 मध्ये तीच शस्त्रक्रिया पुन्हा करून घ्यावी लागली. आजही मी रात्री तीनदा उठते आणि चहा, टोमॅटो, चिंच यांच्यापासून दूर राहते.

संपूर्ण पिशवी काढणे म्हणजे नेमके काय, हेही मला प्रथम याच डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. मूत्रवाहिन्या आतड्याच्या तुकड्याला जोडायच्या, त्याचे तोंड पोटावर काढायचे आणि तिथे जन्मभर बाहेरची पिशवी लावायची. आणि एवढे करूनही काही रुग्णांचे दुखणे तसेच राहते. म्हणून तो अगदी शेवटचा उपाय मानतात. हे चित्र कोणी मला आधी काढून दाखवले असते, तर मी हात जोडले नसते. रुग्ण शस्त्रक्रिया मागतो, कारण त्याच्यासमोर दुसरे काही ठेवलेलेच नसते. त्याला हट्ट म्हणणाऱ्या डॉक्टरांनी आपण त्याला किती मिनिटे दिली आणि त्याच्यापुढे कोणते पर्याय मांडले, हेही लिहायला हवे होते.

त्याच लेखात ‘भरपूर पाणी प्या’ असा सरसकट सल्ला आहे. मुतखड्याच्या किंवा जंतुसंसर्गाच्या रुग्णाला तो योग्य असेल, पण ज्याची पिशवी साठ मिलिलिटरला कळवळते, त्याने तांब्याने पाणी प्यायले तर त्याचा दिवस कसा जाईल, याचा विचार झालेला दिसत नाही. कळ आणि वारंवार लघवी लागणे सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकले आणि कल्चरमध्ये जंतू सापडले नाहीत, तर हा आजार असू शकतो व मूत्रविकारतज्ज्ञांना दाखवावे, एवढे एक वाक्य त्या लेखात असते, तरी कोणाची तरी काही वर्षे वाचली असती. आपण ते आता तरी छापावे, ही माझी विनंती आहे.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यात, मूतखडा आणि लघवीचे सर्व विकार एकवीस दिवसांत हमखास बरे करण्याची जाहिरात आहे. मूत्रपिंड व मूत्राशयातील खडे बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानेच मनाई केलेली आहे. मी स्वतः 2013 मध्ये अशीच एक जाहिरात वाचून तीन महिने पुड्या घेतल्या आणि त्यांपायी दोन तोळ्यांची बांगडी मोडली. ती जाहिरात मी आपल्याच दैनिकात वाचली होती. कात्रण माझ्याकडे आहे. हवे असल्यास पाठवते.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, कराड
(पूर्ण नाव व पत्ता संपादकांच्या माहितीसाठी सोबत जोडला आहे, कृपया प्रसिद्ध करू नये.)