चहाचे आठ कप

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. दहावीनंतर सुटलेलं गणित एम. ए. मानसशास्त्राच्या पहिल्याच सत्रात संख्याशास्त्राच्या रूपाने परत समोर आलं, म्हणून तू धास्तावला आहेस. माझंही तेच झालं होतं. टी-टेस्टचं, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासण्याचं, उदाहरण सोडवून शेवटी 'शून्य परिकल्पनेचा त्याग' असं लिहायचे, पण नक्की कशाचा त्याग केला ते समजायचं नाही.

समजलं ते चहामुळे. 1920 च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल या शैवालतज्ज्ञ बाई म्हणाल्या, की कपात आधी दूध ओतलंय की चहा, हे मला चवीवरून ओळखता येतं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर तिथेच काम करायचा. पुढे 1935 मध्ये त्याने हा प्रयोग पुस्तकात मांडला. आठ कप, त्यांतले चार आधी दूध घातलेले, क्रम मात्र चिठ्ठ्या टाकल्यासारखा. ते चार ओळखायचे, बस.

आठांतून चार निवडायचे 70 प्रकार होतात. मी एका संध्याकाळी ते सगळे वहीत लिहून काढले. तूही काढ, सूत्र नंतर बघ. चवीतलं काही कळत नसेल, नुसता अंदाज असेल, तरी चारही बरोबर येण्याची शक्यता 70 त 1, म्हणजे 0.014. हीच ती पी-व्हॅल्यू! तीन बरोबर आले तर? 'जमलं की' असं वाटतं. पण तीन किंवा जास्त बरोबर येण्याचे 17 प्रकार आहेत, म्हणजे 0.24. एवढं तर नशिबानेही जमतं.

एक चूक मात्र करू नकोस. 0.014 म्हणजे 'बाईंना चव कळत नसण्याची शक्यता' नव्हे. चव कळत नाही असं आधी धरून चालायचं (हीच शून्य परिकल्पना), आणि मग असा निकाल किती विरळा, ते मोजायचं.

आता कप चारच ठेव, दोन-दोन. निवडीचे प्रकार फक्त सहा. सगळं अचूक ओळखलं तरी 0.17, म्हणजे शून्य परिकल्पनेचा त्याग करायला जी 0.05 ची मर्यादा सहसा धरतात, तिच्या खाली जाताच येत नाही. हे उमगलं तेव्हा मला माझा बी. ए.चा प्रकल्प आठवला. दोन्ही गट मिळून बारा मुली, पी-व्हॅल्यू 0.05 च्या वर, आणि मी ठणकावून लिहिलं होतं, 'संगीताचा स्मरणावर परिणाम होत नाही.' एवढ्या सॅम्पलवर तसं म्हणता येत नव्हतं. ते वाक्य मला आजही खुपतं. तुझ्या प्रबंधाला किती माणसं घ्यायची, हे माहिती गोळा करण्याआधी ठरव.

रविवारी ये. आपल्याकडे चहा दुधासकट उकळतात, म्हणून कोरा चहा आणि दूध वेगळं ठेवते. आठ कप मी भरीन, तू डोळे मिटून बस.

तुझी मैत्रीण