ओवीची खोली रंगवण्याआधी

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

रंगाऱ्याला होकार देण्याआधी हे वाच. भिंतींची मला फारशी काळजी नाही, खिडक्या-दारांची आहे. भिंतींना चुना नाहीतर डिस्टेंपर असतो. लाकडाला आणि गजांना ऑईलपेंट. आयुष्यभर दुकानात रंगच विकले, म्हणून सांगतो. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसं असायचं, पिवळ्या, केशरी, लाल छटांत तर जास्तच. दहा लाख भागांत नव्वदपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे २०१६ साली निघाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. तुमची इमारत त्याच्या कितीतरी आधीची.

रंगारी आला की आधी पॉलिश पेपर काढतो. कोरडं घासू देऊ नकोस. ती धूळ फरशीवर बसते, ओवी तिथंच रांगते आणि तोच हात तोंडात घालते. पोटात गेलेलं शिसं लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं. कॅल्शियम समजून हाडांत साठवतं, मेंदूतही जाऊ देतं, आणि तिथं झालेलं नुकसान औषधानं भरून येत नाही. ना ताप, ना पुरळ. कळतं ते रक्त तपासल्यावरच. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना त्या तपासणीचं विचार.

रंग धड आहे तिथं खरवडायचंच नाही, वरून नवा हात मारायचा. पापुद्रे सुटलेत तिथं खाली प्लास्टिक अंथरून, पाणी मारून घासायचं. नंतर झाडू नाही, ओलं फडकं. रंगारी हसेल, हसू दे. पण हीच धूळ त्याच्या कपड्यांवरून त्याच्या पोरांपर्यंत जाते, हे त्याला जरूर सांग. तेवढे दिवस ओवीला घेऊन सांगलीला ये. नव्या डब्यावर शिशाच्या प्रमाणाची ओळ छापलेली असते, ती बघूनच घे.

रंगातलं पिवळं लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचंच संयुग, हळदीला झळाळी आणायलाही वापरतात. बांगलादेशात हे उघडकीला आलं, २०१९ पासून सरकारनं कारवाई केली आणि दोनेक वर्षांत बाजारातल्या नमुन्यांत ते सापडेनासं झालं. तेव्हा सुटी, भडक हळद घेऊ नकोस. ओळखीच्या शेतकऱ्याकडची बिनपॉलिशची हळकुंडं आईनं दळून ठेवली आहेत.

बाजारचा सुरमा तर नकोच. घरी धरलेल्या काजळात शिसं नसतं, पण डॉक्टर तेही नको म्हणतात. त्यावरून आईशी वाद घालायची माझी तयारी नाही, तो तू घाल.

तुझा,
बाबा